शास्त्राचें वाचन व श्रद्धेचा आधार

(धर्मग्रामाच्या महोत्सव-सप्ताहांत दौंड येथें, शिरूर व दौंड या दोन्ही भागांतील श्रोतृजनांपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव म्हटला कीं मागें वळून पाहणें ओघानेंच येतें. या धर्मग्रामाचा पाया ज्यांनीं घातला त्यांपैकीं कोणी रेल्वेच्या चाकरीनिमित्त गोव्याहून आले, कोणी वसईहून, कोणी तामिळ मुलुखांतून. शिरूरकडील आमचे बांधव तर घोड नदीच्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करीत आले. त्या सर्वांची कृतज्ञतापूर्वक आठवण करण्याचें काम या सप्ताहांत इतर वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय किंचित् कठीण आहे. परंतु तो आम्हीं आपण होऊन निवडलेला नाहीं. तो आम्हांस तुमच्यांतीलच एका तरुणानें दिला आहे.

महोत्सवाच्या तयारीची सभा आटोपल्यावर रेल्वेंत नोकरीस असलेला हा तरुण मागें थांबला व म्हणाला, “फादर, कामावरचे मित्र मला विचारतात कीं, तुमचा धर्म खरा कशावरून? मी म्हणतों, आमच्या शास्त्रांत लिहिलें आहे. ते म्हणतात, ग्रंथ तर सर्वांचेच आहेत. आणि तुमच्या एका ग्रंथाचे अर्थ तुम्हां ख्रिस्ती लोकांतच दहा आहेत. मग मीं त्यांस काय सांगावें?” या एका प्रश्नांत दोन प्रश्न आहेत. शास्त्राचा अर्थ कसा लावावा, हा एक. आणि आपण ख्रिस्तावर कां विश्वास ठेवतों, हा दुसरा. त्या रात्रीं आम्हीं त्याला घाईनें उत्तर दिलें नाहीं. घाईच्या उत्तराचें फळ आम्हीं पूर्वीं एकदां पाहिलें आहे. त्याविषयीं पुढें सांगूं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांतील एक प्रसंग तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. कूशी देशच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परत जात असतां रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्यानें वाचीत होता. फिलिप त्याच्याजवळ गेला व वाचलेलें कळतें काय म्हणून त्यानें विचारलें. तो मोठा अधिकारी. परंतु कोणी वाट दाखविल्यावांचून आपणांस कळणार कसें, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें आणि फिलिपाला आपल्या शेजारीं बसवून घेतलें. ग्रंथ त्याच्या हातांत होताच. उणीव होती ती सोबत्याची. आणि सोबती मिळाल्यावर पहिला प्रश्न त्यानें काय केला? संदेष्टा हें कोणाविषयीं बोलतो, स्वतःविषयीं कीं दुसऱ्या कोणाविषयीं? शास्त्राच्या वाचकाचा खरा प्रश्न हाच होय.

आपण दौंडकर रथाचे नव्हे तर आगगाडीचे लोक. म्हणून आपल्याच भाषेंतील एका प्रवाशाची गोष्ट सांगतों. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें व निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनीं ती केवळ दिलेल्या शब्दासाठीं वाचावयास घेतली. हातांत पेन्सिल घेऊन वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले. आणि मग तें पुस्तक त्यांच्यानें खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें आपल्या स्टेशनावरून मनमाडकडे जो फांटा जातो त्याच मार्गावरील अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमि झाली. डब्यांतील तो गृहस्थ काय बोलला असेल, तें थोडेंच. परंतु फिलिपाचें काम त्याच्या हातून घडलें.

आतां दुसऱ्या मार्गाकडे वळूं. दौंडहून पुण्याकडे जातांना केडगांव लागतें. तें आपल्याच तालुक्यांतील गांव. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. आपल्यापैकीं किती जण त्या स्टेशनावरून शेंकडों वेळां गेले असतील! परंतु शास्त्राचा अर्थ व श्रद्धेचा आधार या दोन्ही प्रश्नांशीं इतक्या प्रामाणिकपणें झुंजलेली व्यक्ति महाराष्ट्रांत दुसरी दाखविणें कठीण आहे. रमाबाई आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेंतल्या नव्हत्या, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. तरी सत्याच्या शोधकापासून शिकतांना त्याची नोंदवही पाहण्याचें कारण नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. कलकत्त्याच्या विद्वानांनीं १८७८ सालीं या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच पतीहि गेले. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील संत मरियेच्या भगिनीसंघाकडे गेल्या व त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं कन्या मनोरमा हिच्यासह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें बऱ्याच जणांस वाटतें कीं, बाप्तिस्म्याबरोबर प्रश्न संपले. तसें झालें नाहीं. पुढील कांहीं वर्षें त्यांचा व भगिनी जेराल्डिन यांचा जो पत्रव्यवहार झाला, व जो १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, त्यांत रमाबाई पदोपदीं प्रश्न करतात. पवित्र त्रैक्याचें तत्त्व शास्त्रांत कोठें सांगितलें आहे? क्रुसावरील अक्षरें लॅटिनच कां असावीं, संस्कृत कां असूं नयेत? आणि सर्वांत मोठा प्रश्न हा कीं, आपल्या देशांतील पुरोहितवर्गाचें जूं एवढ्या कष्टानें झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितांचें जूं आपण कां पत्करावें? बंधूंनो, हा प्रश्न उद्धटपणाचा नाहीं. आम्ही स्वतः धर्मगुरु असून म्हणतों, तो आम्हांस उद्देशूनच आहे, आणि त्याला उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. क्रुसावरील अक्षरांच्या बाबतींत तर पुढील काळानें त्यांनाच दुजोरा दिला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली आणि आज आपण मिस्सा मराठींत अर्पण करतों.

आतां त्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर. ख्रिस्तसभा शास्त्राची मालकीण आहे असें जर आम्ही शिकवीत असतों, तर रमाबाईंचा आक्षेप बिनतोड होता. परंतु १९६५ सालच्या महासभेच्या प्रकटीकरणविषयक लेखांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेंत आहे. मग त्या अधिकाराचें प्रयोजन काय? इतिहास पहा. नव्या कराराचें पहिलें अक्षर लिहिलें जाण्यापूर्वीं ख्रिस्तसभा प्रार्थना करीत होती, भाकर मोडीत होती, छळ सोशीत होती. नव्या कराराचीं जीं सत्तावीस पुस्तकें आज आपण वाचतों, त्यांची नेमकी यादी संत अथानासियसाच्या ३६७ सालच्या पत्रांत आढळते. म्हणजे हीं पुस्तकें ज्या घरांत जन्मलीं, ज्या घरांत निवडलीं व जपलीं गेलीं, त्या घराची आठवण बाजूस सारून त्यांचा अर्थ लावणें हें आईच्या पत्राचा अर्थ घरच्यांस न विचारतां परक्यास विचारण्यासारखें आहे. फिलिप रथांत चढला तो लगाम हातीं घेण्यासाठीं नव्हे, तर खजिनदाराच्या शेजारीं बसण्यासाठीं. आम्हां धर्मगुरूंस जेव्हां जेव्हां याचा विसर पडतो, तेव्हां तेव्हां रमाबाईंचा आक्षेप खरा ठरतो.

ग्रंथाला भाष्य लागतें ही गोष्ट मराठी माणसास नवी नाहीं. दरवर्षीं तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यांतून यवत, वरवंड, पाटस अशी जाते. त्या वारकऱ्यांस विचारा. गीता ते ज्ञानेश्वरांच्या टीकेवांचून वाचीत नाहींत, आणि ती टीका १२९० सालची आहे. आमच्या धर्माचेंहि तसेंच. गोव्यांत राचोल येथें १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराण’ छापविलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे पवित्र शास्त्राचें केवळ भाषांतर नव्हे, तर मराठी श्रोत्यांच्या शेजारीं बसून केलेलें निरूपण होय. आमच्या काळांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ २०१० सालीं प्रसिद्ध केलें. त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. चारशें वर्षांची ही सोबत आहे.

तथापि सोबती असला म्हणून वाचकाची बुद्धि रजेवर गेली असें नाहीं. संत ऑगस्टिनास तरुणपणीं शास्त्र ओबडधोबड वाटलें. मिलान शहरांत संत अँब्रोज यांच्या मुखानें त्यांतील रूपकांचा उलगडा ऐकल्यावर त्याची दृष्टि पालटली व ३८७ सालच्या पुनरुत्थानाच्या सणास त्यानें स्नानसंस्कार घेतला. सूर्य चौथ्या दिवशीं निर्माण झाला तर पहिले तीन दिवस कसले, हा प्रश्न त्यानेंच सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं केला. आजच्या शाळेंतल्या मुलांनीं तो प्रथम काढला असें नव्हे. पोप बारावे पायस यांनीं १९४३ च्या परिपत्रकांत भाष्यकारांस सांगितलें कीं, लेखकानें कोणत्या लेखनप्रकारांत लिहिलें आहे तें आधीं पहावें. काव्य तें काव्य, कायदा तो कायदा, दृष्टांत तो दृष्टांत. रेल्वेचें वेळापत्रक व ओवी एकाच रीतीनें वाचणारा मनुष्य गाडीहि चुकेल आणि ओवीहि. हें भान सुटलें म्हणजे काय होतें, तें गॅलिलिओच्या १६३३ सालच्या खटल्यांत दिसलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणें मान्य केली. आणि विश्वाचा विस्तार होत आहे हें १९२७ सालीं गणितानें मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरु होते, हेंहि आपल्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. एक वचन सबंध शास्त्राच्या उजेडांत वाचावें, आणि सबंध शास्त्र ख्रिस्ताच्या उजेडांत. हा नियम आम्ही सेमिनरींत शिकलों होतों, परीक्षेंत लिहिलाहि होता. तरीहि तो आम्हांस खऱ्या अर्थानें कळला तो घोड नदीच्या कांठच्या एका वाडीवर.

या गोष्टीस सुमारें पंचवीस वर्षें झालीं. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. वाडीवरील एका बाईचें एकुलतें एक लेंकरूं तापानें गेलें होतें. आम्ही भेटीस गेलों. तिनें विचारलें, “फादर, माज्या पापानं गेलं का लेकरू?” शिरूरची शेवटची एस्‌. टी. गांठावयाची होती. आम्हीं निर्गमाच्या पुस्तकांतील, वडिलांच्या अपराधाचें फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोंचतें असें सांगणारें वचन म्हटलें. तिनें पश्चात्ताप करावा, देव दयाळू आहे, असेंहि कांहींसें जोडलें, आणि निघालों. वचन शास्त्रांतलेंच होतें. एक अक्षर चुकलें नव्हतें.

दोन वर्षांनंतर तेथील मास्तरांनीं सांगितलें कीं, ती बाई मिस्साला येत नाहीं, व घरांतील क्रूस तिनें पेटींत ठेवला आहे. त्या रात्रीं आम्हीं तेंच वचन पुन्हां उघडलें. त्याच्या लगतच्याच ओळींत हजारों पिढ्यांवर होणाऱ्या दयेची गोष्ट होती. ती आम्हीं घाईंत सोडून दिली होती. यहेज्केलाचा अठरावा अध्याय उघडला. मुलानें बापाच्या पापाचा भार वाहावयाचा नाहीं, असें संदेष्टा तेथें निक्षून सांगतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडला. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनीं प्रभूला नेमका त्या बाईचाच प्रश्न केला होता: पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें उत्तर दिलें कीं, दोघांचेंहि नाहीं. आणि तो नुसतें बोलून थांबला नाहीं, त्यानें त्या मनुष्यास दृष्टि दिली. ख्रिस्तानें जें उत्तर नाकारलें होतें, तेंच आम्हीं एका आईच्या पदरांत टाकलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वाडीवर गेलों, तिची क्षमा मागितली व तो अध्याय तिला वाचून दाखविला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फादर, दोन वर्सं कुनालाच इचारलं न्हाई म्या. आता झोप लागंल.” बंधुभगिनींनो, शास्त्राचा अर्थ लावणें ही विद्वानांची करमणूक आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें त्या दोन वर्षांच्या रात्री मोजून पहाव्या.

आतां दुसरा प्रश्न: आपण विश्वास कां ठेवतों? रमाबाईंच्या इंग्लंडांतील दिवसांत त्यांच्या शंकांस एका मराठी माणसानें उत्तर पाठविलें. काशीस वाढलेले, १८४८ सालीं ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे हे षड्दर्शनांचे पंडित. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे यास कांहीं प्रमाण आहे काय, या विषयावर त्यांनीं साध्या मराठींत पत्ररूपानें लिहिलें, व त्यानें आपली खात्री पटविली असें रमाबाईंनीं पुढें नमूद केलें. पहा, शंकेखोर मनाला गोऱ्यांनीं दटावलें नाहीं, प्रमाणें दिलीं. आम्हीहि त्याच मार्गानें जाऊं. विचारक्रम मात्र आमचा स्वतःचा आहे.

रेल्वेंत अपघात झाला कीं चौकशी होते. ड्रायव्हर, गार्ड, सांधेवाला, स्टेशनमास्तर अशा चौघांच्या जबान्या होतात. एक म्हणतो पाऊस नुकता थांबला होता, दुसरा म्हणतो अजून भुरभुर होती. परंतु गाडी कोठें व कशी घसरली यांत चौघांचें एकमत असतें. चौकशी करणारा अधिकारी अशा जबान्यांवर विश्वास ठेवतो. चारहि जबान्या शब्दशः एक निघाल्या, तर मात्र त्याला पढविल्याचा संशय येतो. चार शुभवर्तमानांत लहानसहान तफावती आहेत हें आम्ही लपवीत नाहीं. मुख्य घटना मात्र चौघेहि सांगतात. शिवाय त्यांनीं स्वतःस गैरसोयीच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. प्रेषितांचा प्रमुख पेत्र यानें प्रभूला तीनदां नाकारलें. रिकाम्या कबरेची पहिली बातमी स्त्रियांनीं आणली, आणि त्या काळीं स्त्रियांच्या साक्षीस फारसें वजन नसे. कथा रचणारा मनुष्य असे साक्षीदार निवडीत नाहीं.

जबानी जुनी आहे काय, हेंहि पाहूं. संत पौलानें करिंथकरांस पहिलें पत्र इसवी सनाच्या ५५ च्या सुमारास लिहिलें. ख्रिस्त मेला, पुरला गेला व उठला, ही आपणांस मिळालेली परंपरा आहे असें तो त्यांत सांगतो, आणि पाहणाऱ्यांपैकीं बहुतेक अजून हयात आहेत असेंहि म्हणतो. म्हणजे जाऊन विचारावें. रोमन इतिहासकार टॅसिटस हा ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता; तरी पिलाताच्या अमलाखालीं ख्रिस्तास देहदंड झाला हें त्यानें लिहिलें आहे. ग्रंथ मागाहून बदलले असें कोणी म्हणेल, तर १९४७ सालीं मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेंत यशयाच्या ग्रंथाची जी गुंडाळी सांपडली, ती ख्रिस्तजन्माच्या सुमारें शंभर वर्षें आधींची आहे. तोंवर उपलब्ध असलेल्या हिब्रू प्रतींहून ती सुमारें हजार वर्षांनीं जुनी; तरी बारीकसारीक पाठभेद वगळतां ग्रंथ तोच. खजिनदार रथांत जें वाचीत होता, तेंच आज आपण वाचतों.

हीं प्रमाणें बळकट आहेत; परंतु आम्ही त्यांस त्यांच्या योग्यतेहून अधिक मान देणार नाहीं. गणिताचा सिद्धांत जसा बुद्धीस बांधून नेतो, तसा ख्रिस्त कोणास बांधून नेत नाहीं. प्रमाण दारापर्यंत आणतें. उंबरठा ओलांडावयाचा तो देवाच्या कृपेनें व आपल्या संमतीनें. रमाबाईंचा अनुभव हाच आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, परंतु ख्रिस्त अजून सांपडावयाचा आहे. आमच्यापैकीं कित्येकांच्या बाप्तिस्म्यास पन्नास वर्षें झालीं आहेत. आपण आज हा हिशेब घालावा काय?

बाप्तिस्म्यापूर्वींची त्यांचीच आणखी एक आठवण आहे. लंडनमधील फुलहॅम येथें पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनीं पाहिल्या. ज्यांस समाज दूर लोटतो त्यांची एवढी काळजी कां, असें विचारतां त्या भगिनींनीं शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविली. विहिरीपाशीं बसलेला प्रभु व त्याच्याशीं बोलणारी ती स्त्री: योहानाच्या चौथ्या अध्यायाचा अर्थ रमाबाईंनीं प्रथम त्या घरांत वाचला, आणि मग पुस्तकांत. पुढें १८९६ व १९०० च्या दुष्काळांत शेंकडों निराधार मुलींस त्यांनीं आसरा दिला. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्र सामान्य बायकांस कळेल अशा मराठींत आणण्यासाठीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं. मुक्ति मिशनच्या छापखान्यांत तें छापण्याचें काम तेथील स्त्रियांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. लोकांनीं टाकलेल्या मुलींच्या हातून देवाचा शब्द छापला जावा, याहून चांगलें भाष्य त्या शब्दावर कोणता पंडित लिहूं शकेल?

तेव्हां, ज्या तरुणानें आम्हांस विचारलें, त्यास आमचें उत्तर असें. मित्रांस सांग कीं, आम्ही पुस्तकावर नव्हे, तर पुस्तक ज्याच्याविषयीं बोलतें त्याच्यावर विश्वास ठेवतों. साक्ष जुनी आहे, तपासून पहा. अर्थ आम्ही एकट्यानें लावीत नाहीं. ज्या घरांत तो ग्रंथ जपला गेला त्या घराबरोबर लावतों. आणि एवढें सांगून झाल्यावर त्यांस आपल्या घरीं ने. तेथें त्यांस योहानाचा चौथा अध्याय दिसला पाहिजे. तो जर दिसला नाहीं, तर आमचीं सर्व प्रमाणें फुकट आहेत.

महोत्सवाची खूण म्हणून आम्ही प्रत्येक कुटुंबाकडे एकच मागणें मागतों. शनिवारीं सायंकाळीं दिवा लागल्यावर दुसऱ्या दिवसाचें शुभवर्तमान घरांत मोठ्यानें वाचावें. ज्यास वाचतां येतें त्यानें वाचावें, ज्यास येत नाहीं त्यानें प्रश्न करावा. जो प्रश्न सुटणार नाहीं तो रविवारीं आमच्याकडे आणावा. आम्ही आतां एस्‌. टी. गांठण्याची घाई करणार नाहीं.

ज्या प्रभूनें वाटेवर दोघां शिष्यांस शास्त्राचा उलगडा करून सांगितला, व भाकर मोडतांना आपली ओळख पटविली, तो या धर्मग्रामाच्या वाटेवर आपल्याबरोबर चालो, आणि आपलीं अंतःकरणें जागीं ठेवो. आमेन.